चालेल म्हणणाऱ्यांचं घर

शेवडे मॅडमच्या स्टुडिओत इंटर्नशिपला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच धडा मिळायचा, आणि तो ना रंगांचा असायचा ना लाकडाचा.

"ग्राहक 'चालेल' म्हणाला की समजायचं, त्याला हे चालणार नाहीये," मॅडम सांगायच्या. "'बघू' म्हणाला, तर अजिबात आवडलेलं नाही. आणि बाई 'छानच आहे, पण यांना विचारा' म्हणाली, तर ती घरी जाऊन डोळे पुसणार आहे. लक्षात राहील?"

"हो मॅडम," ओवी तांबट म्हणाली. ही तर आपल्या आईचीच गोष्ट झाली, असं तिच्या मनात आलं आणि गेलं.

ओवी इंटिरिअर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. शेवटचं सत्र प्रत्यक्ष कामावर काढल्याशिवाय कॉलेज पदवी देत नसे. नाशिकमध्ये स्टुडिओ पैशाला पासरी. पण जो तो गंगापूर रोडवरच्या शेवडे मॅडमकडे धडपडायचा, कारण 'स्पंद' त्यांच्याकडे होतं.

स्पंद म्हणजे एक मोठा रिकामा हॉल आणि त्याच्या मागे बसलेलं एक हुशार यंत्र. हॉलच्या जमिनीतून फोमचे ठोकळे वर येत आणि पलंग, ओटा, भिंत यांच्या जागा घेत. डोळ्यांवर हलका चष्मा चढवला की त्याच ठोकळ्यांवर तुमच्या होऊ घातलेल्या घराचे रंग, उजेड, खिडकीबाहेरचं झाडसुद्धा दिसू लागे. कानात घातलेल्या बोंडांमधून त्या घरातले आवाज येत, आणि भिंत जितकी जाड तितके ते दबतही. ग्राहकाने त्या घरात फिरायचं, बसायचं, दिवे मालवून आडवं व्हायचं. तोवर यंत्र त्याच्या अंगाचं ऐकत असे.

अंग काय बोलतं? माणूस निवांत असला की हृदयाचे ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत. श्वास घेताना ते जरा जवळ येतात, सोडताना लांबतात. आतून धास्तावला की हा सैलपणा जातो आणि ठोके एकसुरी पडू लागतात. तळहाताला नकळत घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. तोंडाने कितीही 'छान' म्हटलं तरी हे काही लपवता येत नाही. छातीवरची पट्टी, मनगटावरचा पट्टा आणि चष्मा यांतून स्पंद ते टिपून घेई आणि त्या माणसाच्या देहाची एक गणिती प्रतिकृती बनवी. मग घरातल्या सगळ्यांच्या प्रतिकृती हजारो नकाशांमधून फिरवून आणी. भिंत इकडे, दार तिकडे, पलंग त्या कोपऱ्यात. ज्या नकाशात सगळ्यांची मिळून धास्ती सर्वांत कमी, तो नकाशा समोर येई.

यंत्र परदेशातलं. तिकडे म्हणे ते फारसं खपलं नाही, कारण तिकडची माणसं नको असेल तर सरळ नको म्हणतात. आपल्याकडे मात्र त्याने धुमाकूळ घातला. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून असं आपले पूर्वज म्हणून गेले. स्पंदने दोन्ही एकाच हॉलमध्ये पाहायची सोय केली. एका बंगल्यात सासू-सुनेचे ओटे वेगळे झाले आणि त्या दिवसापासून दोघी एकत्र भाजी आणायला जाऊ लागल्या. एका कारखानदाराचं काळीज स्वतःच्याच सन्मानचिन्हांच्या कपाटापाशी आक्रसायचं. ते कपाट गेलं. साखरपुडा झालेलं एक जोडपं नकाशा पाहून वेगवेगळ्या रिक्षांनी घरी गेलं, तेही एका अर्थी बरंच झालं.

स्पंदच्या दाराशी तिथींचं एक कॅलेंडर टांगलेलं होतं. यंत्राला उपास कळत नसे, आणि भुकेल्या माणसाचं अंग भलतंच बोलतं. पहिल्या वर्षी एका बाईंची नोंद एकादशीला घेतली गेली, तर पठ्ठ्याने त्यांच्या घरातून स्वयंपाकघरच काढून टाकलं होतं. तेव्हापासून उपासाच्या दिवशी नोंद घ्यायची नाही, घेतली गेलीच तर ती रद्द करून पुन्हा घ्यायची, हा नियम झाला. दुसरा नियम त्याहून कडक. यंत्राचा नकाशा बदलायचा तर खुशाल बदला, पण मॅडमना आणि ग्राहकाला सांगून. न सांगता बदलणाऱ्याची मॅडम गय करत नसत.

सत्राच्या शेवटी प्रत्येक इंटर्नला एक घर स्वतंत्रपणे मिळे. नोंद घ्यायची, नकाशा पक्का करायचा आणि ग्राहकाला हॉलमध्ये फिरवून मॅडमसमोर त्याची बाजू मांडायची. याला कॉलेजात 'ज्युरी' म्हणत. ज्युरीनंतर मॅडमनी शिफारस दिली तरच पदवी. ओवीच्या वाट्याला बेलसरे आले.

श्रीकांत बेलसरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. गेली काही वर्षं त्यांना कंपवात होता. हात थरथरायचे, आवाज बसल्यासारखा झाला होता, वॉकरशिवाय चालणं नाही. उज्ज्वलाकाकू त्यांच्यामागे सावलीसारख्या. मुलगी कॅनडात, तिनेच हट्ट धरून राहत्या फ्लॅटचं काम काढायला लावलं होतं.

नोंदीच्या दिवशी ओवीने चहा-बिस्किटं पुढे केली. "नको नको," काकू म्हणाल्या. काकांनी मात्र दोन बिस्किटं घेतली आणि निम्मी शर्टावर सांडली. काकूंनी ती बोलता बोलता झटकली, इतक्या सहज की बोलणं कुठे तुटलं नाही.

"तुमच्या यंत्राला सांगा," काका हळू आवाजात म्हणाले, "की मी घाबरून थरथरत नाहीये. हा माझा स्वभाव झालाय आता."

"कळतं त्याला काका," ओवी हसून म्हणाली. मनगटाचा पट्टा असल्या थरथरीने गोंधळतो, म्हणून तिने त्यांच्या छातीवर जास्तीची पट्टी लावली. त्या पट्टीचाही काही भरवसा नाही असं तिने मनात ठरवून टाकलं, आणि पुढे काकांचा आलेख उघडूनही पाहिला नाही.

दोघांनी हॉलमध्ये आपला राहता फ्लॅट चालून दाखवला. दिवे मंद करून रात्रीचीही नोंद झाली. काका पलंगावरून उठले, वॉकर शोधला, दोन पावलं टाकली. शेजारच्या पलंगावर काकू तटकन उठून बसल्या होत्या. नाटक करायचं आहे हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

नकाशा आला तो ओवीने दोनदा पाहिला. काकांची खोली बाथरूमला लागून. भिंतीला धरून चालायचे कठडे, पावलांचा भार ओळखून उजळणारी जमीन, तोल गेला तर सोसायटीतल्या रात्रपाळीच्या मदतनिसाला जाणारी सूचना. सगळं नेटकं. पण काकूंची खोली घराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन्हींच्या मध्ये आवाज शोषून घेणारी जाडजूड भिंत. काका खोकले तरी काकूंना ऐकू येणार नाही अशी. पहिला आराखडा ग्राहकाच्या मोबाइलवर आपोआप जात असे, तसा तो गेलाही होता. काकूंचं उत्तर आलं होतं, 'बघितला. तुम्हाला योग्य वाटेल तसं.'

हे उत्तर वाचून ओवीला वाटलं, बिचारीने दुःख गिळलं.

असं वाटायला कारण होतं. ओवी शाळेत असताना तिच्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते पुढची काही वर्षं अंथरुणावर होते. आई दिवसभर शाळेत शिकवायची आणि रात्री त्यांच्या पलंगाशी जमिनीवर अंथरूण घालायची. पलंगाच्या पायाला आपला पाय टेकवून झोपायची, म्हणजे ते जरा हलले तरी तिला जाग यावी. प्रेम म्हणजे काय असं कुणी विचारलं असतं तर ओवीने तो जमिनीवरचा पाय दाखवला असता. बाबा गेले तेव्हा त्या घरात तिला एवढाच एक आधार उरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मेथी निवडत बसली होती. ओवीने तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे बघ ना आई, यंत्राला काळजी आणि त्रास यातला फरकच कळत नाही. नवरा उठला की बायकोचं काळीज धडधडतं, तर त्याने नवराच लांब नेऊन ठेवला! तुझ्या आणि बाबांच्या मध्ये कुणी अशी भिंत घातली असती, तर तू राहिली असतीस?"

आईचा हात थांबला. मग तिने एक जून देठ बाजूला टाकला.

"मला काय कळतंय तुमच्या यंत्रातलं," ती म्हणाली. "तुला योग्य वाटेल ते कर. डबा घेतलास ना?"

ओवीला ही पडत्या फळाची आज्ञा वाटली.

स्टुडिओत आल्या आल्या तिने दाराशी टांगलेलं कॅलेंडर पाहिलं. बेलसऱ्यांची नोंद झाली त्या दिवशी संकष्टी होती! काकूंनी बिस्किटाला हात लावला नव्हता, तो त्यासाठी. म्हणजे उपासाची नोंद. मुळात ती नोंदच खोटी. ओवीच्या जिवात जीव आला. नियमाप्रमाणे तिने मॅडमना सांगून नोंद पुन्हा घ्यायला हवी होती. पण पुन्हा घेतली आणि तरीही भिंत आली तर? हा विचार तिने फार वेळ डोक्यात राहू दिला नाही. तिने नकाशा उघडला, काकूंची खोली काकांच्या खोलीला आणून भिडवली, भिंत निम्मी पातळ केली, आणि दोन्ही पलंगांच्या उशांपाशी, मध्ये, एक जाळीची खिडकी ठेवली. सुंदर झाली होती खिडकी. सागवानी चौकट, बारीक नक्षी. तिकडचा श्वाससुद्धा इकडे ऐकू यावा अशी. तिने कुणालाही काही सांगितलं नाही.

ज्युरीला काकू ठेवणीतली साडी नेसून आल्या. काकांची दाढी ताजी होती आणि हनुवटीला कापल्याची खूण होती. मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. ओवीने दोघांना पट्ट्या आणि चष्मे लावून दिले आणि घर दाखवायला सुरुवात केली. ती छान बोलली. कठडे, दिवे, स्वयंपाकघरातला काकांचा बसून भाजी चिरायचा ओटा, सगळ्याला काका मान डोलावत होते, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त.

"आणि ही तुमची खोली, काकू. आपण रात्र करून पाहू. तुम्ही आडव्या व्हा."

काका पलीकडे आपल्या पलंगावर आडवे झाले आणि हॉल मंद झाला. काकू फोमच्या पलंगावर टेकल्या आणि त्यांनी उशीशेजारी पाहिलं. पलीकडे काकांनी सवयीने पांघरूण सारखं केलं असावं. त्याची सळसळ जाळीतून अलगद आली. भिंतीवरचा, माणसाची धास्ती दाखवणारा स्पंदचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला. मग नारिंगी.

"खिडकी आहे होय," काकू म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुन्हा लावला. "छान आहे. नक्षी छान आहे. चालेल."

मॅडम खुर्चीतून उठल्या. "ओवी, ही खिडकी यंत्राने दिली?"

हो म्हणता आलं असतं. दिव्याकडे पाहून ते धाडस ओवीला झालं नाही.

"नाही मॅडम. मी ठेवली. यंत्राने मध्ये जाड भिंत घातली होती, पार दोन टोकांना दोघं. पण ती नोंदच चुकीची होती. त्या दिवशी संकष्टी होती आणि काकूंचा उपास होता."

"उपास?" काकू उठून बसल्या. "अगं, संकष्टी मी केव्हाच सोडली. जागरण आणि उपास, दोन्ही झेपेना. देवाला म्हटलं, तू समजून घे."

"पण तुम्ही बिस्किटं नको म्हणालात..."

"परक्या ठिकाणी लगेच हात पुढे करायचा का?" काकूंना या प्रश्नाचंच नवल वाटलं. मग त्यांचा चेहरा बदलला. हातातल्या पदराच्या टोकाशी त्या चाळा करू लागल्या.

"म्हणजे ती भिंत खरी होती," त्या अखेर म्हणाल्या. "मी रोज मोबाइलवर बघत होते ती. आज आले तर भिंत नाही, खिडकी. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना कळलं मी कशी बाई आहे ते. म्हणून काढून टाकली."

"काकू, असं कसं..."

"मला ती भिंत हवी होती गं, पोरी." त्यांचा आवाज फुटला. "पाप लागेल मला. पण हवी होती. एकदा डोळा लागला माझा आणि हे बाथरूममध्ये पडले. त्यानंतर माझ्या डोळ्याला डोळा नाही. पांघरूण सरकलं की मी उठते, नाही सरकलं तरी उठते, का सरकलं नाही म्हणून. मला यांना सोडायचं नाहीये. मला फक्त झोपायचंय."

ओवीच्या डोळ्यांसमोर आई उभी राहिली. मेथी निवडताना थांबलेला तिचा हात, आणि आपण आशीर्वाद समजून घरातून उचलून आणलेलं ते 'तुला योग्य वाटेल ते कर'. इतकी वर्षं त्या जमिनीवरच्या पायाचं तिने मनात देऊळ बांधलं होतं, आणि तू थकतेस का गं, हे एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. पहिल्याच दिवशी शिकवलेला धडा तिने काकूंच्या बाबतीत चुकीचा लावला होता आणि आईच्या बाबतीत तो मनात येऊनही लावून पाहिला नव्हता.

जाळीपलीकडून काकांचा बसका आवाज आला. "उज्ज्वला, ऐकतेस?"

"ऐकतेय ना. खिडकी आहे," काकू रडता रडता म्हणाल्या.

"शेवडे बाई, माझा तो आलेख का काय ते असेल तर बघा जरा."

मॅडमनी पडद्यावर काकांचा आलेख उघडला. जास्तीच्या पट्टीने आपलं काम चोख केलं होतं. रात्रीच्या नोंदीत काका उठले, वॉकर शोधला, पावलं टाकली, तोवर त्यांचे ठोके सैलच होते. पडायची भीती त्यांना फारशी नव्हतीच. रेघ एकदम ताठ झाली ती पुढच्या क्षणी, काकू तटकन उठून बसल्या तेव्हा. मॅडमनी बोट ठेवून ती जागा दाखवली.

"हेच म्हणतोय मी," काका म्हणाले. "मला रात्री जायचं असतं. मी जात नाही. पडून राहतो. हललो की ही दचकते, आणि दचकलेला तिचा तो चेहरा मला बघवत नाही. सकाळपर्यंत तसाच ताठ पडून राहतो. ती भिंत मोबाइलवर बघितली तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण बोललो असतो तर हिला वाटलं असतं, मला ती जवळ नको."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"तू सांगितलंस?"

मॅडम यंत्रापाशी गेल्या आणि त्यांनी ओवीला जवळ बोलावलं.

"चूक केल्याबद्दल मी रागावले नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. "दया आली म्हणून तू न विचारता हात घातलास. तू यांचं घर नाही केलंस, तुझ्या मनातलं घर केलंस. शिफारस मी आज देणार नाही. पुढच्या वर्षीच्या सत्राला परत ये, पहिल्या दिवसापासून."

"येईन मॅडम," ओवी म्हणाली. वर्ष गेलं होतं. तिला रडू आलं, पण ते वर्षासाठी आलं नव्हतं.

"आता खिडकी तूच काढ."

ओवीने मूळ नकाशा लावला. नक्षीची जाळी विरून गेली, ठोकळे सरकत हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेले, मधली भिंत जाड होत वर आली. काकूंना तिने हाताला धरून नव्या जागी नेलं आणि पलंगावर टेकवलं.

"नुसतं आडवं व्हायचंय काकू. बघा, पलीकडचं काही ऐकू येतं का."

काकूंनी पायांवरून साडी सारखी केली आणि कुशीवर वळल्या. दिवा नारिंगीचा पिवळा झाला. मॅडम काहीतरी टिपत होत्या. पिवळ्याचा हिरवा झाला, आणि हिरवाच राहिला.

"काकू, कसं वाटतंय?"

उत्तर आलं नाही. ओवी वाकली. काकूंचं तोंड किंचित उघडं होतं, चष्मा नाकावर तिरपा झाला होता, आणि त्या घोरत होत्या. अगदी बारीक.

ओवीने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी तोंडावर बोट ठेवलं आणि पावलांचा आवाज न करता त्या बाहेर गेल्या. पुढचे ग्राहक येऊन बसले होते, त्यांना उद्या या म्हणून सांगायला.

काका भिंतीच्या कडेपर्यंत आले होते. त्यांनी थरथरत्या हाताने चष्मा काढला आणि बायकोकडे पाहत राहिले. काकांना इतकं शांत उभं असलेलं ओवी प्रथमच पाहत होती; हात तेवढे आपले चालूच होते.

"उठवू?" तिने ओठांनीच विचारलं.

काकांनी नकारार्थी मान हलवली. मग तिला खुणेने जवळ बोलावलं.

"मला बाथरूमला जायचंय," ते तिच्या कानाशी म्हणाले. "केव्हाचं."

ओवीने त्यांचा कोपर धरला. काकांनी वॉकर उचलून पुढे टेकवला. फरशीवर तो खाडकन वाजला, आणि दोघंही जागच्या जागी थिजून काकूंकडे बघू लागले.

काकू हलल्यासुद्धा नाहीत.

काकांनी पुढचं पाऊल टाकलं. मग त्याच्यापुढचं. वॉकर वाजत राहिला, आणि ते बिनधास्त चालत गेले.